न तडकलेले मुखवटे

माझ्या मुलाने केलेले महालक्ष्म्यांचे मुखवटे तडकले नव्हते. आमच्या घरात इतकी वर्षं ते तडकले असंच सांगितलं गेलं. सांगणारा मीच होतो.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. मी जबलपुरात फॅक्टरीत लागलो आणि दीक्षितपुऱ्यात घर केलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलगा शाळेतून आला की गल्लीच्या टोकाला दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्या मूर्तिकाराकडे जाऊन बसायचा. जेवायला बोलवायला गेलो तर कोपरापर्यंत माती. पोरांना दोन्हीकडचं मिळालं पाहिजे, असं मी मराठी मंडळात मोठ्या तोंडाने सांगत असे.

नववीत असताना त्याने भाद्रपदातल्या आमच्या महालक्ष्म्यांसाठी मातीचे मुखवटे केले. घरचे पितळेचे होते, पण त्या वर्षी बायकोने हौसेने त्याचेच बसवले. डोळे लांब, कानाकडे ओढलेले. तो रोज दुर्गेच्या मूर्तींवर पाहत होता तसे.

माझी मोठी बहीण अमरावतीहून आली होती. पदर खोचून ती समोर उभी राहिली.

"काहून रे, ह्या महालक्ष्म्या आहेत का दुर्गा? कशा डोळे वटारून पाहून राहिल्या! उद्या सवाष्णी जेवतील का पळतील?"

"पोराने केल्या, ताई."

"पोरगं हिंदीवाल्यांचं झालं तुझं. चलो, आता पुरणाऐवजी कचोरीच कर."

ती हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मंडळातली माणसं महाप्रसादाला यायची होती.

संध्याकाळी मुलगा शिकवणीला गेला. बायको स्वयंपाकघरात होती, ताई आडवी झाली होती. मी मुखवटे उतरवले, टॉवेलात गुंडाळले आणि स्कूटरवरून ग्वारीघाटाला नेऊन नर्मदेत सोडले. बसवलेल्या महालक्ष्म्या विसर्जनाआधी कुणी हलवत नाही. पण मुखवटा भंगला तर इलाज नसतो, त्यावर कुणी काही विचारत नाही. म्हणून मी तडा सांगितला. समईच्या आचेने तडकले, नदीत सोडून आलो, म्हणालो.

"दोन्ही?" मुलाने विचारलं.

"दोन्ही."

"मग माझीच माती नीट मळली गेली नसेल," तो म्हणाला. पितळेचे मुखवटे त्यानेच पुसून दिले.

त्यानंतर तो मूर्तिकाराकडे गेला नाही. एकदा मूर्तिकाराने मला रस्त्यात थांबवलं, "भैया, लड़का नहीं आता अब? हाथ अच्छा है उसका." परीक्षा आहे, असं सांगून मी पुढे गेलो. मुलाने डिप्लोमा केला आणि माझ्याच फॅक्टरीत लागला. बायको गेली तीही तडाच खरा मानून.

आता तो इथेच, जबलपुरातल्या गोरखपूर भागात राहतो. सून हिंदी घरातली आहे. नातीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. गेल्या रविवारी तिने आमच्या अंगणात मातीचा घोडा केला. मुलगा खुर्चीतूनच म्हणाला, "रहने दे बेटा. सूखते ही फट जाएगा. हमारे हाथ में मिट्टी नहीं है."

तिने घोड्यावरचा हात काढून घेतला.

मी तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि मुलाला सांगून टाकलं. ताईचं बोलणं, टॉवेल, घाट, सगळं. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.

तो खुर्चीत पुढे सरकला.

"तडा नव्हता?"

"नव्हता."

"बारीकसाही?"

"नाही. रंगही उडाला नव्हता."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला.

मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, घोड्याजवळ उकिडवा बसला आणि पोटाखालून बोट फिरवून पाहिलं. नात पाणी घेऊन आली, तेव्हा तिला म्हणाला, "पैर मोटे कर. और धूप में मत रखना, छाँव में सुखा."

"फटेगा नहीं?"

"देखते हैं."

तिने पाण्यात बोटं बुडवली. दोघं पाठमोरी बसून पाय जाड करत राहिली. जाताना दोघांनी अंगणातल्या नळावर हात धुतले. मला हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. मी तो नळ नीट बंद केला आणि आत येऊन बसलो.