कारण: भात लावणी

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत रजेच्या अर्जावर खरं कारण लिहिणारा एकच माणूस होता: स्टोअरचे तात्या. बाकी सगळ्यांच्या आज्या वर्षातून दोनदा मरायच्या. अर्ज माझ्या टेबलावरून जात, त्यामुळे कुणाची आजी कितव्यांदा गेली हे मला पाठ असे. तात्यांचा अर्ज मात्र दर आषाढात एका ओळीचा यायचा. 'कारण: भात लावणी.'

"तात्या, 'घरगुती काम' लिहा की," मी एकदा सुचवलं.

"का म्हनून? आजी मेली लिव्हू व्हय? माजी आजी येकदाच मेली, ती बी रविवारी. रजा न्हाई लागली."

कंपनी वर्षाला पंचवीस दिवस भरपगारी रजा द्यायची. लातूरहून नोकरीसाठी आलेल्या मला ती चैन वाटायची, म्हणून मी रजा फारशी घ्यायचोच नाही, साठवायचो. तात्या वैतागायचे. "सायेब, रजा म्हंजी काय लोनचं हाय, मुरवत ठिवायला? मार्चला नासतीया ती." आणि खरंच, दर मार्चअखेर माझ्या वीसेक रजा बुडायच्या. त्यांची एकही कधी बुडली नाही. गुडघाभर चिखलात वाकून काळे ठिक्कर होऊन परतायचे आणि कंबर धरून वर मलाच सांगायचे, "लई आराम झाला बगा!"

मग भावांनी मिळून भूगावजवळचं भाताचं खाचर बिल्डरला द्यायचं ठरवलं. तात्या नको नको म्हणत राहिले, पण तिघांपुढे एकाचं काय चालणार? त्या आषाढात अर्ज आला नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि हा माणूस स्टोअरमध्ये कागदांची तीच ती खोकी पुन्हा पुन्हा रचत होता. मला राहवेना. कोरा फॉर्म घेऊन खाली गेलो.

"तात्या, पंचवीस दिवस पडलेत तुमचे. घ्या की."

"घिऊन जाऊ कुटं?" एवढंच म्हणाले. मी फॉर्म तिथेच एका खोक्यावर ठेवून आलो.

दोन दिवसांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर आला. 'कारण: इर्जिक.' एका धरणाजवळच्या गावात त्यांच्या बहिणीचं खाचर होतं, आणि भावजी अंथरुणाला खिळलेले. गावानं मिळून तिची लावणी करायची, मजुरी कुणी घ्यायची नाही, जेवण तिच्याकडे.

"कंपनी पगार देनार आन मी फुकाट राबनार. हाय का न्हाई मज्जा?" असं म्हणत त्यांनी दुसरा एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "ह्यो तुमचा. लिव्हा, इर्जिक."

गेलो बापडा. आमच्याकडे तूर, सोयाबीन. भाताचं रोप मी जन्मात हातात धरलेलं नव्हतं. माझी ओळ बघून तात्यांच्या बहिणीनं, ताईंनी, कपाळावर हात मारला. "आरं तात्या, ह्यो सायेब हाय का पेताड?"

"ऱ्हाऊ दे गं," तात्या कंबर सरळ करून हसले आणि पुन्हा वाकले. "वाकडं लावलंय, पर जगंल."

जगलं. त्यानंतर दर आषाढात आम्ही दोघं जोडीनं अर्ज टाकायचो. तात्या निवृत्त झाले तरी मला न चुकता फोन यायचा, "सायेब, रोपं तयार हायेत." मग एका वर्षी तात्याच गेले.

त्या आषाढात फोन आला नाही. मी अर्ज मात्र टाकला. नव्या मॅनेजरांनी तो दोनदा वाचला.

"भात लावणी? तुम्ही लातूरचे ना? तिकडे कुठला भात?"

"लातूरला नाही साहेब," मी म्हटलं. "ताईकडे."