एकाच क्षणाचे दोन

कुकरचं झाकण काढलं आणि अकोले तालुक्यातल्या आमच्या गावाहून आलेल्या तांदळाचा वास घरभर पसरला. हात तसाच थांबला. अण्णांबरोबरचं एक जेवण आठवलं.

माझा धाकटा भाऊ सुधीर घर सोडून गेला, त्यानंतरची ती माझी पहिली सुट्टी. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी ओसरीवर जेवत होतो. अण्णांनी मधेच विचारलं, "तू तिकडं लॅबमधी करती तरी काय?"

मी सांगितलं. इलेक्ट्रॉन पातळ पत्र्यातून जाताना प्रकाशाचा एक कण सोडतो. तो कण पुढे डिटेक्टरमध्ये काहीतरी घडवतो. मग आम्ही त्याच क्षणाचा इलेक्ट्रॉन शोधतो. त्याच्याकडे उरलेल्या ऊर्जेवरून कणाने किती नेली ते कळतं.

अण्णांचा भात कालवणारा हात थांबला. "आन् एकाच टायमाला दोन सापडले तर? घडलं ते कुनामुळं धरायचं?"

"नाही सांगता येत. दोन्ही धरून ठेवतो."

"दोन्ही," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

प्रश्न नेमका होता म्हणून मी तेव्हा खूश झाले होते. सुधीर गेला त्या संध्याकाळी अण्णा त्याला वाट्टेल ते बोलले होते. त्याच संध्याकाळी फोनवर मीही त्याला म्हणाले होते, "तिथे कुजशील, नीघ." अण्णांना ते ठाऊक होतं का? ते स्वतःबद्दल विचारत होते, की मला काही सांगत होते?

अण्णा आता नाहीत. सुधीर परत आलेला नाही. भात निवत चाललाय आणि मी अजून दोन्ही धरून बसलेय.