तिनं काढायला लावलेला आकडा

माझ्या फोनवर चार्जिंग किती राहिली त्याचा आकडा दिसत नाही. कोपऱ्यात बॅटरीचं बारकं चित्र आहे, तेवढंच. टमटममध्ये शेजारी बसलेला कोणीतरी डोकावतो आणि सांगतो, "काका, टक्के बंद झालेत तुमचे. चालू करून देऊ?" मी म्हणतो, नको. मीच बंद केलेत म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघत बसतात, म्हातारा चळला असं त्यांच्या मनात येत असणार. येऊ दे. टमटममध्ये सगळं सांगत बसता येत नाही. इथं सांगतो.

आमच्या घरात आकड्याचा माणूस मी होतो. मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर काम केलं, रिटायर होईपर्यंत. चौथीतनं शाळा सुटली होती. हेल्पर म्हणून लागलो, आधी नुसती राख ओढली, मग बघून बघून बॉयलर शिकलो. आणि बॉयलरचं काम म्हणजे तरी काय, बघणंच. पाण्याची एक उभी काच असते, आत पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसतं. दाबाचा काटा असतो. डबा खाताना तोंड काचेकडं, कोणाशी बोलताना तोंड काचेकडं. "पाणी काचेच्या खाली गेलं आनि तुझं ध्यान नसलं, तर घरी न्यायला पन काय सापडनार नाय तुझं," असं एका जुन्या माणसानं मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. ते जे डोक्यात बसलं ते बसलंच. ड्युटी संपली तरी उतरायचं नाही. घरी आलो की टाकीत पाणी किती, सिलेंडरमध्ये गॅस किती, डब्यात तांदूळ किती, असं बायकोला विचारत बसायचो.

"तांदूळ किती राहिले गं?"

"हायत."

"हायत म्हंजे किती?"

"तुमचं प्वाट भरंल एवढं हायत. जेवा गुमान."

याच्यापुढं तिच्याकडून उत्तर मिळालं नाही कधी. तिच्या आईची रीत होती ती. तांदळाच्या डब्याचा तळ बघायचा नाही. खाली मूठभर राहिले की ते तसेच ठेवायचे आणि वर नवे ओतायचे. मीठ असो, तेल असो, संपलं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. संपलं संपलं केलं की घरातली वस्तू रुसून जाते म्हणायची. मी तिला चिडवायचो, विहारात पहिल्या रांगेत बसणारी बाई तू, आणि हे काय खूळ धरलंस? तर म्हणायची, "विहार विहाराच्या जाग्यावर, डबा डब्याच्या जाग्यावर." बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक करायची, आवाजावरनं तिला कळायचं. आमचा डबा कधी रिकामा पडला नाही, हेही कबूल करायला पाहिजे. ते माझ्या पगारामुळं, असं मी समजत होतो.

आम्हाला एकच मुलगी. ती कर्जतला दिली. तिनं आम्हा दोघांना फोन आणून दिले, दोन्ही सारखेच. आईच्या फोनला लाल कव्हर, माझ्या फोनला काळं. फोनच्या कोपऱ्यात आकडा दिसला आणि मी खूश झालो. रिटायर झाल्यापासून बघायला काच नव्हती, ती मिळाली. माझा फोन नेहमी भरलेला. तिचा नेहमी खाली, कारण ती बोलायची. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की मुलीला फोन लावायची. मी पलंगावरून तिच्या फोनवर डोळा ठेवून असायचो.

"तीस झाले! ठेव आता!"

"अवो, ती काय सांगते ते ऐकू द्या."

"अठ्ठावीस!"

तिकडून मुलगी हसायची. "आई, बाबा कसला लिलाव करतात गं?"

"माझाच करतात," ही म्हणायची. "कोन बोली लावत नाय म्हनून खाली खाली उतरतात."

एकदा मोहोपाड्याला बाजाराला गेलो होतो. सुकट घेऊन झाली तशी ती तडक मोबाईलच्या दुकानात शिरली. दुकानदार मुसलमान, आमच्या शेजारच्या गावातला, तिला मावशी म्हणायचा. तिनं फोन त्याच्यापुढं ठेवला.

"भाऊ, ह्याच्यातला आकडा काढून टाक."

"कसला आकडा, मावशी?"

"बॅटरीचा. सकाळधरनं कमी झालो, कमी झालो, हेच सांगतो मेला. वाढलो म्हनून एक दिवस सांगत नाय."

"चार्जिंगला लावल्यावर वाढतो की."

"तवा मी भाकऱ्या भाजत आसते."

तो म्हणाला, "काढतो, पण मग किती राहिली ते कळणार कसं तुम्हाला?"

"चित्र हाय की बारकं. भांडं भरलेलं, आर्धं, तेवढं दिसलं म्हंजे झालं. आनि वरडायला हे हायत." हे म्हणजे मी. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून हसली.

त्यानं सेटिंग उघडलं, बॅटरीत गेला, एक बटण सरकवलं. आकडा गेला. मी येताना सगळ्या वाटेत बोललो नाही.

"फुगलात व्हय?"

"बंद पडंल तवा कळंल तुला."

"पडला तर पडंल. वायर हाय ना घरात?"

आणि पडला पण तो, दोन-चारदा. बोलता बोलता मध्येच. मी टपलेलाच असायचो. "बघ! सांगत होतो का नाय!" ती "अगं बाई" म्हणून वायर लावायची, थोडं थांबून मुलीला परत फोन लावायची. "हां, तू सासूचं काय सांगत व्हतीस? त्येच्या पुढं सांग." तुटलं तिथून पुढं सुरू. तिला त्यात काही गेलं असं वाटायचंच नाही. मला मात्र राग यायचा. कशाचा यायचा ते आता सांगता येत नाही.

मग तिला दम लागायला लागला. आधी विहिरीच्या चढावर, मग घरातल्या घरात. मुलगी म्हणाली, इकडं आणा. कर्जतला दवाखान्यात ठेवली. छातीत पाणी झालं होतं. रात्री मुलगी थांबायची, दिवसा मी.

खाटेच्या उशाला एक मशीन होतं. त्याच्यावर रेघा पळायच्या आणि एक मोठा हिरवा आकडा होता, श्वासाचा. डॉक्टर म्हणाले, हा नव्वदच्या खाली जाता कामा नये, गेला तर लगेच सांगा. झालं. मला ड्युटी लागली. खरं सांगतो, बरं वाटलं मला. आजारी बायकोच्या उशाशी नुसतं बसायचं कसं ते मला येत नव्हतं. हात धरायचा, काहीतरी बोलायचं, असलं आमच्यात नव्हतं कधी. आकडा बघायला येत होता. तो बघितला. जरा बदलला की मुलीला फोन लावून सांगायचो. एक्क्याण्णव. ब्याण्णव.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "अवो, तिकडं काय बघताय? मी हितं हाय."

"तुलाच बघतोय."

"मला नाय. त्या डबड्याला बघताय."

नर्स सलाईन बघायला आली, तर ही तिला म्हणाली, "बाय, त्या डबड्याचं त्वांड भितीकडं कर. ह्यांच्या नजरंला पडू देऊ नको." नर्स हसली. तिनं खरंच मशीन थोडं फिरवलं, नर्सला येता-जाता दिसेल आणि मला दिसणार नाही असं.

मी काय केलं, तर स्टूल उचललं आणि खाटेच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं. तिथून दिसत होता आकडा.

तिचा हात गादीच्या कडेला तसाच होता, आधी माझं स्टूल होतं त्या बाजूला. ती माझ्याकडं बघत होती. काहीतरी बोलली. तोंडावर मास्क होता, आवाज आत घुमला. नेमका तेव्हाच त्र्याण्णवचा चौऱ्याण्णव झाला. मी आकड्याकडं बघतच "हां" म्हटलं. ती परत बोलली नाही. डोळे मिटून पडून राहिली. मी व्हरांड्यात जाऊन मुलीला फोन लावला आणि आनंदानं सांगितलं, "आज चौऱ्याण्णव हाय."

मुलगी आली तेव्हा ती झोपेत होती. पहाटे जास्त झालं. नळी घातली. त्याच्यानंतर ती बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. मशीनचंही नाही. आकडा खरा होता.

तिच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. मुलगी मागं राहिली होती आवराआवर करायला. ओट्यावर भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "बाबा, आई शेवटचं काय बोलली?"

"कवा?"

"त्या दिवशी दुपारी. मी आले तेव्हा ती झोपलेली होती. त्याच्या आधी काहीतरी बोलली असेल ना तुमच्याशी."

"बोलली."

"काय?"

"मला नाय समजलं."

"नाय समजलं म्हणजे?" तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही तिथंच होता ना?"

"तिथंच व्हतो. आकडा बघत व्हतो."

तिनं पातेलं परत उचललं, पुसून पालथं घातलं. मग म्हणाली, "मी विचारला होता का आकडा?"

"पयल्या दिवशी विचारला व्हता."

"पहिल्या दिवशी विचारला होता, बाबा." आणि आत निघून गेली. मला वाटलं रडेल. रडली नाही. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आईच्या तांदळावर नवे तांदूळ ओतून, माझ्याशी न बोलता ती संध्याकाळच्या गाडीनं कर्जतला गेली.

नंतर एकदा फोन करून पुन्हा विचारलं तिनं. नीट आठवून बघा म्हणाली, एखादा तरी शब्द. मी आठवून बघितलं. अजून बघतो. मास्क दिसतो, हात दिसतो, चौऱ्याण्णव दिसतो. शब्द येत नाही. काहीतरी बनवून सांगता आलं असतं. तुझी आठवण काढली असं म्हटलं असतं तरी पोरीला पटलं असतं. पण आईच्या तोंडी माझे शब्द घालायचे, ते माझ्यानं झालं नाही.

त्या आठवड्यात बायकोचा फोन कपाटातून काढला, चार्ज केला आणि माझ्या फोनशेजारी ठेवला. तिच्या फोनमध्ये बघत बघत, दुकानदार गेला होता त्या वाटेनं मी माझ्या फोनमध्ये गेलो. सेटिंग, मग बॅटरी, मग टक्के दाखवायचं बटण. तिचं बंद होतं, तसं माझं केलं. वर आकडा होता तिथं नुसतं चित्र राहिलं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. दर थोड्या वेळानं नजर कोपऱ्यात जायची आणि काही न घेता परत यायची. वायर लावली की मात्र अजून मोठ्या अक्षरात आकडा येतो, तो काढता येत नाही की मला जमत नाही, कोण जाणे. मी फोन पालथा घालतो.

मुलीशी आता माझं बोलणं होतं, संध्याकाळी. आधी व्हायचं नाही, फोन तिच्या आईचा असायचा. सुरुवातीला ती जेवलात का, गोळी घेतली का, एवढं विचारून ठेवायची. मी आकडे ओरडत नाही म्हटल्यावर हळूहळू लांबायला लागलं.

परवा ती काहीतरी सांगत होती आणि मध्येच आवाज गेला. फोन काळा. चार्जिंग उतरली होती. घरात मी एकटा, हातात मेलेला फोन, आणि ती काहीतरी बोलत होती ते माझ्या कानात अर्धंच. वायर सापडेना, सापडली तर भोकात जाईना. फोन चालू व्हायला जो वेळ लागतो तो मी उभ्यानं काढला. मग लावला.

"तू काय बोलत व्हतीस?"

"काय नाय ओ बाबा. तुमचा फोन बंद पडला ना?"

"व्हय. तू काय बोलत व्हतीस ते सांग."

"काय नाय, असंच."

"असंच काय? सांग मला."

मग म्हणाली, "कारल्याचं सांगत होते. मागं वेल लावलाय, तो भिंतीवर चढलाय, घरमालकीण कुरकुर करते. मांडव घालायला पाहिजे, तुम्ही येता का, असं विचारत होते."

"येतो."

मग तीच म्हणाली, "बाबा, आई पण असंच काहीतरी म्हणाली असेल. सुकट उन्हात घाला, नायतर काहीतरी."

"आसंल."

"मग कशाला एवढं लावून घेता?"

"इचारलं आसतं तर तिनं परत सांगितलं आसतं," मी म्हटलं. "तुझ्यासारखं."

तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मी ठेव म्हटलं नाही, ती पण ठेवत नव्हती. वायर भिंतीपासून आखूड आहे, म्हणून मी खाली फरशीवर बसून फोन कानाला धरला.

"मांडवाला बांबू लागतील," ती म्हणाली. "हायत का तुमच्याकडं?"

"हायत."

सकाळी परसातले काढले आणि टमटमच्या टपावर बांधून कर्जतला नेले.