मागच्या सीटवरचा म्हातारा

बिसरामचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखते. लपवून काय करू? तीस वर्षं झाली, मी मुर्रीच्या रस्त्यावर गॅरेज चालवून राहिलो. आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं आहे. काळ्या तेलाचे डाग पडले त्यावर, पण आहे. आणि बिसराम? नवेगाव बांधचा, मासे धरणाऱ्या घरचा. आधी तळ्यात जाळं टाकायचा, मग वीस वर्षं सालेकसा लाईनवर जीप चालवली. कचारगडच्या जत्रेत टपावर माणसं बसवून नेणारा ड्रायव्हर. स्वतःच्या नावावर सायकल सोडून काही नाही. पण इकडे कोणाले जुनी गाडी घ्यायची असली की आधी बिसरामले बोलावणं.

त्याची पद्धत सांगतो, हसू नका. बॉनेटले हात लावत नाही. मालकासोबत चहा पिते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुराच्या चिखलाचा डाग पाहते, खालची मॅट उचलून वास घेते. मग गिऱ्हाइकाच्या घरचं सगळ्यात म्हातारं माणूस मागच्या सीटवर बसवते आणि गाडी फिरवून आणते. सारा वेळ आरशातून त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहणं चालू. उतरल्यावर म्हातारी म्हणाली बेस, तर गाडी घ्यायची. म्हणाली हाडं खिळखिळी झाली, तर चला दुसरीकडे. यालेच लोक विद्या म्हणतात! पैसे घेत नाही, फक्त जेवून जाते, म्हणून आणखीच मोठा झाला. गर्वही चढला. बाजारात मी दोनदा मागून हाक मारली, तर गडी वळूनही न पाहता निघून गेला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

तेही सहन केलं असतं. पण माझी पोरगी रुची सालेकसा तालुक्यात एका उपकेंद्रावर नर्स आहे. जंगलातला रस्ता, पावसापाण्याचं स्कुटीनं जाणं. पोटाले चिमटा घेऊन तिनं दीड लाख जमवले आणि छोटी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. चुकली तर दुसरी घ्यायची ऐपत नाही. मी मनातल्या मनात गाड्या पाहू लागलो होतो. आणि एके दिवशी जेवताना ती आईले सांगते, उद्या बिसरामकाका एक गाडी दाखवणार आहेत. माझा घास तोंडातच राहिला. बाप मेकॅनिक, अन् पोरगी ड्रायव्हरले विचारून राहिली! पिकते तिथं विकत नाही म्हणतात, ते खरं. त्यावर माझी बायको पुष्पा म्हणाली, तुम्ही निवडून दिलेली स्कुटी पोरीनं तीनदा ढकलत आणली, विसरले काय? आता वायर उंदरांनी खाल्ली, त्यात माझी काय चूक? इंजिन तर एकदम बरोबर होतं.

मग रुची मले म्हणाली, तुम्हीही यायचं. बिसरामकाकांनी सांगितलं, मागच्या सीटवर तुझे बाबाच पाहिजे. घरात माझी ऐंशी वर्षांची आई बसलेली असताना म्हातारा म्हणून मी! अंगाचा तिळपापड झाला. पण गेलो. म्हटलं, पाहू तरी याची विद्या.

गाडी पांढरी, दहा वर्षांची, पुसून चकचकीत केलेली. बिसराम चालवायले, रुची त्याच्या बाजूले, मी मागं. रेल्वे फाटक ओलांडताना मागच्या डाव्या चाकाच्या वर कट् असं वाजलं. बारीकच. पायाखाली पत्राही हलला. पुढच्या ब्रेकरवर पुन्हा कट्. मले अजून काही पाहायची गरज नव्हती. गाडी मागून जबर ठोकलेली होती, मागचा भाग कापून दुसरा जोडला होता. मी बिसरामकडे पाहिलं तर तो आपला मजेत चालवून राहिला. त्याले काहीच कळलं नव्हतं! खरं सांगतो, मले इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. घेऊ दे गाडी. दोन-चार महिन्यांत जोड उघडा पडेल, मग कळेल लोकांले बिसराम काय चीज आहे. आरशात त्याचे डोळे माझ्यावर होते. मी तोंड दगडासारखं ठेवलं.

उतरल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"श्यामलालभाऊ, कशी वाटली?"

"बेस आहे," मी म्हणालो.

रुचीनं बयाना द्यायले पर्स उघडली. चेहरा नुसता फुलला होता. म्हणाली, सुट्टी मिळाली की आजीले कचारगड दाखवून आणू, मागं आरामात बसेल. मागं! त्याच पत्र्यावर. आणि घाटात चालवणार ही.

"थांब," मी म्हणालो. डिकी उघडली, खालचं कापड उपसून काढलं. बोटाएवढी जाड वेल्डिंग, वरून ताजा रंग. गाडी विकणारा गडी मोबाईल कानाले लावून तिकडं निघून गेला.

रुचीनं पर्स बंद केली. बिसरामनं मले चहाच्या टपरीमागं नेलं आणि पुन्हा तसाच समोर उभा राहिला.

"भाऊ, माझे कान गेले. डावा पुरा, उजवा अर्धा. म्हणून तर जीप सोडली. समोरच्याचं बोलणं ओठावरून समजते. गाडीचा आवाज नाही समजत, म्हणून मागं माणूस बसवतो अन् त्याचं तोंड पाहतो."

तो आणखी जवळ सरकला.

"पोरीची गाडी, म्हणून तुम्हाले मागितलं. तुमच्यासारखा कान इकडं कोणाचा नाही. तुमचं तोंड पाहिलं, म्हटलं चांगली असेल."

बाजारातल्या त्या दोन हाका मले आठवल्या. कोणाले सांगू नका, एवढंच म्हणाला तो. मी आजवर गावात कोणाले सांगितलं नाही. मोहल्ल्यात बोभाटा झाला की बिसरामनं कापलेली गाडी पकडली. तेही ऐकून घेतलं.

पण घरी आल्यावर रुचीनं विचारलं, "बाबा, तुम्हाले आधीच समजलं होतं न? मग बेस काऊन म्हणाले?"

मी म्हणालो, लक्षात उशिरा आलं. ती उठून आत आजीजवळ जाऊन बसली.

पुढच्या रविवारी बिसराम दुसरी गाडी घेऊन दारात आला. मी चपला घालूनच बसलो होतो. रुचीनं आजीचा हात धरला, तिले सांभाळून मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावलं. आजी खिडकीतून माझ्याकडे पाहून हसली. माझ्या ऐंशी वर्षांच्या आईचा मले तेव्हा जो हेवा वाटला, तसा बिसरामचाही कधी वाटला नव्हता.