वरच्या मजल्यावरची वंशावळ

सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका माझ्याच तालुक्यातले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे इतर लोक कौतुकाने कुठल्या कंपनीत आहेस ते विचारायचे. काकांनी लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत विचारलं, "मूळ गाव कुठलं? आणि आजोळ?"

तुआसच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून ते आमच्या तालुक्यातल्या घराण्यांची वंशावळ जुळवत होते. त्यांची मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, नोबडी विल रीड लाह." काका "बरं" म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढायचे.

त्यांचा नियम एकच होता. नावं घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगायची. आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा ते मोठा कागद घेऊन खाली आले. तिने दिरांची, जावांची, त्यांच्या मुलांची नावं भराभर सांगितली आणि माझ्या वडिलांच्या नावाशी येऊन थांबली. तिने ते नाव असं सरळ कधीच उच्चारलेलं नव्हतं.

मी सांगायला गेलो.

"तू नको," काका म्हणाले. "वहिनी, उखाण्यात घ्या."

मी चपापलो. वडील गेल्याचं त्यांना माहीत होतं, आणि आमच्याकडे विधवेला उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. आई उठून आत जाईल, असं मला वाटलं. तिने पदर सारखा केला.

"माळावरच्या विहिरीला दगडी चिरा, सदाशिवरावांचं नाव घेते, सावकाश लिहा जरा."

काकांनी पेन्सिल ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि खरंच सावकाश लिहिलं.