ईशान्येची विहीर, वायव्येची टाकी

नानांची, म्हणजे श्री. नारायणराव ठोंबरे यांची आणि माझी पहिली भेट एका गळक्या नळामुळे झाली. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वसाहतीत राहायला येऊन मला वर्ष होत आले होते. मी सदर भागातल्या एका कचेरीत कारकून. नळ गळू लागला की तो आणखी जोरात पिळायचा, एवढेच मला ठाऊक. पश्चिमेच्या शेजारचे एक गृहस्थ कुंपणापलीकडून हे बराच वेळ पाहत होते. शेवटी ते पिशवी घेऊन आत आले, नळ खोलला आणि झिजलेला चामड्याचा वायसर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हा बदलावा लागते गा. नळाचा गळा काहून दाबून राहिला?" ते पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसियर होते, हे मला नंतर कळले.

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. पाइपाच्या आट्यांवर सुतळी कशी गुंडाळावी, सफेदा किती लावावा, गच्चीची पन्हाळी मृगाआधी का साफ करावी, हे सारे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. निवृत्तीनंतर दर रविवारी नाना वसाहतीत फेरी मारत आणि न बोलावता सल्ला देत. पाइप भिंतीत गाडू नका, बाहेरून न्या, दिसेल तेच दुरुस्त होते, असे ते प्रत्येकाला सांगत. आमच्या एका प्राध्यापकांना उघडे पाइप गावंढळ वाटले. तीन वर्षांनी ओल कुठून येते ते शोधायला त्यांनी बैठकीची अख्खी भिंत फोडली. नाना छिन्नी-हातोडा घेऊन दिवसभर त्यांच्यासोबत खपले आणि 'मी सांगितले होते' असे एकदाही म्हणाले नाहीत. नानांच्या पंचाहत्तरीच्या याच गौरवग्रंथात प्राध्यापक 'नानांचे मार्गदर्शन लाभले' असे लिहिणार आहेत. लाभले खरे, घेतले कोणी?

या ग्रंथात नानांच्या साधेपणावर, शिस्तीवर पुष्कळ लिहून येईल. ज्यावर कोणी लिहिणार नाही ते मी लिहितो. आमची बारा घरे एका ओळीत, सगळ्यांची तोंडे उत्तरेला. वास्तू पाहणाऱ्या गुरुजींच्या सांगण्यावरून प्रत्येकाने विहीर ईशान्येला खणली आणि संडासाची टाकी वायव्येला बांधली. प्रत्येकाचे घर शास्त्राला धरून. पण माझी वायव्य जिथे आहे, तिथेच पश्चिमेच्या शेजाऱ्याची ईशान्य आहे. मधे एक कुंपण. म्हणजे ज्याने त्याने आपली घाण शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याशेजारी नेऊन ठेवली होती, आणि तीही मुहूर्त पाहून. एकट्या नानांनी टाकी मागे दक्षिणेला बांधली. यमाच्या दिशेला संडास बांधणारा माणूस म्हणून आम्ही त्यांना हसलो.

नानांच्या विहिरीला लागून जी टाकी होती, ती माझी. त्यांनी मला विश्वासात घेतले. टाकीतले पाणी विहिरीत झिरपते का हे पाहायला, माझ्या परवानगीने आम्ही दोघांनी माझ्या टाकीत अर्धे पोते खडे मीठ ओतले. आठ दिवसांत त्यांच्या विहिरीचे पाणी खारट लागू लागले. मी स्वतः चाखून पाहिले होते.

मग संस्थेची सभा झाली. नाना तेव्हा सचिव होते. सगळ्या टाक्या दक्षिणेला हलवाव्यात असा ठराव त्यांनी मांडला. अध्यक्षांचे घर पूर्वेच्या टोकाला, त्यांच्या विहिरीपलीकडे नुसता रस्ता. आपल्या विहिरीचे पाणी उत्तम आहे, नारायणराव उगाच लोकांना भिववतात, असे ते म्हणाले. सिमेंट परमिटवर मिळते, ते कोण आणून देणार, असेही कोणी विचारले. नानांनी मिठाची गोष्ट सांगितली, तेव्हा कोणाची टाकी, अशी विचारणा झाली. नाना माझ्याकडे वळले.

"सांग गा, मीठ तुह्याच टाकीत टाकलं होतं ना आपण?"

पुढच्या रांगेत माझे वडील बसले होते. घराची आखणी गुरुजींना घेऊन त्यांनीच केली होती. ते मान वळवून माझ्याकडे पाहत होते.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

ठराव पडला. नानांनी त्याच आठवड्यात सचिवपद सोडले. सभेनंतर लोक त्यांना 'खारे पाणी' म्हणू लागले आणि त्या हसण्यात मीही होतो. पुढच्या महिन्यात आमच्या मोरीचा पाइप फुटला, तेव्हा मी त्यांना बोलावण्याचे धाडस केले नाही. ते आपण होऊन पिशवी घेऊन आले, पाइप जोडला, हात धुतले आणि चहा न घेता गेले. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या उन्हाळ्यात नळ अर्धा तास यायचा. सगळी वसाहत विहिरीवर आली आणि नानांच्या घरी काकूंना कावीळ झाली. दोन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी पाणी कुठले पिता, असे विचारले. मी उसाच्या रसाचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. नाना नुसते "विहिरीचं" म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले नाही. तेव्हापासून त्या घरात पाणी उकळून पितात. त्याला अकरा वर्षे झाली.

माझे वडील गेल्या वर्षी वारले. तोवर थांबलो, हा माझा भेकडपणा. गेल्या महिन्यात मी माझी टाकी फोडली, दक्षिणेला नवी बांधली आणि नानांकडे जाऊन सभेत खोटे बोललो होतो हे कबूल केले. ते म्हणाले, "जुन्या खड्ड्यात चुना टाकून माती भर. नाही त पावसाळ्यात खचते." काकूंनी आता पाणी उकळणे बंद केले तरी चालेल का, असे मी विचारले. "दोन पावसाळे जाऊ दे," ते म्हणाले.

बाकीच्या टाक्या जिथल्या तिथे आहेत. तेव्हाचे अध्यक्ष आता गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. शाल आणि श्रीफळ तेच देणार आहेत.

नाना पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांना हे दोन पावसाळे आणि त्यापुढचे पुष्कळ, धडधाकट प्रकृतीत लाभोत. दुसरा पावसाळा सरला की त्यांच्या विहिरीतून न उकळलेल्या पाण्याचा पहिला पेला मी पिणार आहे, नाना आणि काकूंच्या आधी.