कावीळ न झालेला माणूस

यशवंत गेल्याचा मालतीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. झोपेतच हृदयविकाराचा झटका. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी पलंगावर बसून राहिलो... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी वीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यशवंत अचानक कामावर यायचा थांबला. घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं. "डोक्याच्या डॉक्टरांची औषधं चालू केलीत. पण भाऊजी, कंपनीत कळू देऊ नका. पोरीचं लग्न व्हायचंय."

"कावीळ झाली म्हणून सांगतो," मी म्हणालो.

मग रीतीप्रमाणे माणसं भेटायला गेली. कुणी उसाच्या कांड्या नेल्या, कुणी गावठी औषध. सगळे पोटाचं विचारत, खालची पापणी ओढून डोळ्यांतला पिवळेपणा शोधत. यशवंत निमूटपणे ओढू द्यायचा. डोळे रडून लाल झालेले असत, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. न विचारणं हाच तेव्हा सभ्यपणा होता.

चार महिन्यांनी तो कामावर परतला. त्यानंतरची दहा-बारा वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, पण तो विषय कधी निघाला नाही. मुलीचं लग्नही यथावकाश झालं. मग त्याच्या निवृत्तीचा समारंभ आला. गळ्यात हार पडल्यावर तो बोलायला उभा राहिला.

"मला कावीळ झालीच नव्हती. डिप्रेशन होतं. मरून जावंसं वाटायचं. गोळ्या अजून घेतो. तुम्ही आणलेला ऊस मात्र लय गोड होता."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. साहेब घड्याळ बघू लागले. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "काय गरज होती रे?"

"तू सांभाळून घेतलंस म्हणून नोकरी टिकली, हे खरंच," तो म्हणाला. "पण ते चार महिने मी एकटाच होतो ना..."



आठवड्याभरात पेंट शॉपमधला सुदाम यशवंतच्या घरी गेला. बायको महिनाभर जेवत नाही, बोलत नाही, म्हणाला. यशवंत दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेला. पुढे असे बरेच जण येत राहिले. कुणी घरी, कुणी फोनवर. काळ बदलला म्हणतात, पण आमच्या कारखान्यात तरी तो यशवंतनेच बदलला.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो होतो. चहा झाला. निघताना चप्पल घालत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भाऊजी, झोप लागते का?" घरी येणाऱ्या प्रत्येकाला यशवंत हे विचारायचा. आता त्या विचारतात.

"लागते की," मी सवयीने म्हणालो.

त्या नुसत्या दारात थांबून राहिल्या.

मी चप्पल काढली आणि पुन्हा आत जाऊन बसलो.